धाकल्याची पूजा

तात्याराव शिडीवरून उतरले आणि विहाराच्या पायरीवर बसले ते छाती धरूनच. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे त्यांच्यासाठी धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस, आणि म्हातारा सकाळपासून पताका बांधण्यात गुंतलेला. त्यांची लेक शिवकन्या खाली शिडी धरून उभी होती.

"अप्पा, काय व्हायलंय?"

"काय न्हाई गं. जळजळ व्हायलीय. भजी खाल्लो की सकाळी."

भज्यांच्या जळजळीनं कुणाला असा दरदरून घाम फुटत नाही आणि डावा हात असा लुळा पडत नाही. शिवकन्यानं आईला, भागाबाईला, हाक मारली, अप्पांना पायरीवर आडवं केलं आणि फोन काढला. तिनं नंबर लावला तो बीदरच्या रुग्णवाहिका केंद्राचा. एका ट्रस्टचं केंद्र. सीमेवरच्या तालुक्यांत त्यांच्या गाड्या ठिकठिकाणी उभ्या असायच्या. माणसानं फोन करायचा, केंद्रातल्या मुलीनं तो घ्यायचा आणि सगळ्यात जवळची गाडी पिटाळायची. हा नंबर शिवकन्याला झोपेतही पाठ होता. असणारच की! त्या नंबरामागची सगळी यंत्रणा तिनंच उभी केली होती. कलबुर्गीला इंजिनियर होऊन ती बीदरला परत आली ती याच नोकरीसाठी.

फोन लागला नाही. टूं टूं टूं वाजलं आणि बंद झालं.

तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. त्या आवाजाचा अर्थ गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसला तरी तिला होता. लाइन व्यस्त असती तर 'थांबा' म्हणणारी टेप वाजली असती. टेपसुद्धा वाजत नाही म्हणजे थोरला पडलाय. आणि धाकला उठला नाही.

थोरला आणि धाकला ही केंद्रातल्या पोरींनी ठेवलेली नावं. सर्व्हर रूममध्ये दोन सर्व्हर होते, एकाला एक लागून. येणारा प्रत्येक फोन थोरला घ्यायचा आणि मोकळ्या असलेल्या मुलीकडे द्यायचा. धाकला दिवसरात्र चालू राहून नुसता थोरल्यावर डोळा ठेवायचा. थोरल्याचा श्वास थांबला रे थांबला की फोन धाकल्यानं घ्यायचे, पलीकडच्या माणसाला पत्ता लागायच्या आत. एवढंच त्याचं काम. वर्षभर काहीच न करणं आणि एका क्षणाला सगळं करणं.

यावरूनच तिचं आणि व्यवस्थापक उद्धवरावांचं वाजायचं. पूर्वी ती दर महिन्याला एका रविवारी दुपारी मुद्दाम थोरला बंद करून बघायची, धाकला उठतो का नाही ते. उद्धवरावांनी ती तालीमच बंद पाडली. कारण काय, तर चालू कॉल मधेच एकदा अडखळतो आणि ट्रस्टच्या लोकांना ते बरं दिसत नाही.

"अगं स्टेपनी हाय ती," ते म्हणायचे. "स्टेपनी काय आपण रोज चाकाला लावून बघतो व्हय?"

"लावत न्हाई सर. पण तिच्यात हवा हाय का ते तर बघतो का न्हाई?"

मग उद्धवराव हसायचे आणि पोरींना सांगायचे, आमच्या शिवकन्याचं डोकं भारी गरम बघा. गरम तर गरम. तिला त्याची लाज नव्हती.

आता मात्र ते डोकं नुसतं गरम नव्हतं, भणभणत होतं. तिनं सरकारी गाडीला फोन लावला. ती एका अपघाताला भालकीकडं गेली होती, दुसरी पाठवतो पण वेळ लागेल, असं तिथल्या बाईनं नीट सांगितलं. मग तिनं केंद्रातल्या मल्लेश्वरीला तिच्या मोबाइलवर गाठलं. मल्लेश्वरी सणाच्या पाळीला एकटीच होती.

"मल्लेश्वरी, फोन बंद हाईत आपले! चिंताकीला गाडी पाठव, माझ्या अप्पांना अटॅक आलाय!"

"बंद? न्हाई अक्का, चालू हाय की. स्क्रीनवर शून्य दिसायलंय. आज एक बी कॉल न्हाई."

"शून्य थिजलेलं हाय ते! मी तीनदा लावला! धाकला कामून उठला न्हाई?"

पलीकडून मल्लेश्वरी हळूच म्हणाली, "अक्का, धाकल्याची पूजा झाली."

"काय झाली?"

"आज खांडेनवमी न्हाई का? आयुधपूजा. सर म्हणले, हत्यार बंद करून, विसाव्याला ठेवून पुजायचं असतंय. थोरला तर बंद करता येत न्हाई. मग धाकला रिकामाच हाय, त्याला मान देऊ म्हणले. बंद केला, हार घातला, कुंकू लावलं. उद्या सकाळी पूजा हलवल्याबगर हात लावायचा न्हाई म्हणले. पूजेला आलेले स्वामी म्हणत होते, चालत्या यंत्राला फूल वाहिलं तरी पावतंय. सरांनी ऐकलं न्हाई."

शिवकन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिकामा! दाराशी जागत बसलेल्या माणसाला हा रिकामा म्हणतो आणि घोंगडं पांघरवून झोपवतो!

"आत जा आणि चालू कर त्याला. आत्ता!"

"खोलीला कुलूप हाय अक्का. किल्ली सरांजवळ. सर हुमनाबादला गेलेत, त्यांच्या गोदामाच्या पूजेला."

"दगड घे आणि फोड."

"अक्का, माझी नोकरी जाईल हो," म्हणताना मल्लेश्वरीला रडू फुटलं.

तिच्यावर ओरडून उपयोग नव्हता आणि वेळही नव्हता. "आपल्या ड्रायव्हरांचे नंबर तरी हाईत का तुझ्याजवळ?" तिनं विचारलं. नव्हते. ते सगळे नंबर आणि आज कोणती गाडी कुठं उभी आहे तेही थोरल्याच्या पोटात. आणि खुद्द शिवकन्यानंच मुलींना मोबाइलवर ड्रायव्हरांचे नंबर ठेवायला बंदी घातलेली, कारण रोग्यांची माहिती बाहेर जाऊ नये असा नियम होता. तिनं फोन कापला आणि उद्धवरावांना लावला. त्यांनी घेतला. मागं ढोल वाजत होता.

"सर, थोरला पडलाय. किल्ली पाठवा, न्हाईतर कुलूप फोडायला सांगा. माझे अप्पा इथं..."

"शिवकन्या, आधी शांत हो. सणासुदीचं कामून ओरडायलीस? मल्लेश्वरीनं आत्ताच मला स्क्रीनचा फोटो पाठवलाय. आज एक केस न्हाई. तीन तालुक्यांत एक न्हाई! देवीची कृपा म्हणायची. मी ट्रस्टच्या ग्रुपवर टाकलं बी."

"सर, फोनच लागंना म्हणून शून्य हाय ते!"

"तुझ्या गावाला रेंज नसंल. आलो मी दुपारी, बघू." आणि त्यांनी ठेवला.

रेंज नसंल! ती याच फोनवरून त्यांच्याशीच बोलत होती! त्या माणसाच्या नावानं तिच्या तोंडून जी शिवी निघाली ती विहाराच्या पायरीवर शोभणारी नव्हती, पण भागाबाईनंही ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गावात चारचाकी म्हणाल तर शेजारच्या आळीतल्या श्रीपतरावांची जीप. श्रीपतराव म्हणजे देवभोळा माणूस. सोमवारी पायात वहाण न घालणारा, एकादशीला पाण्याशिवाय काही न घेणारा. जीप दारात उभी होती, धुऊन पुसून. बॉनेटवर हळदीकुंकवाचे पट्टे, पुढं झेंडूचा हार, चारी चाकांखाली लिंबं. त्यांच्याही घरची रीत तीच होती. पुजलेलं वाहन उद्या सीमोल्लंघनालाच हलायचं. शिवकन्या धावत गेली खरी, पण ती जीप बघून तिचे पाय दारातच अडखळले. आत्ताच एका पूजेनं तिचं घर बुडवायला घेतलं होतं. आता दुसरी पूजा तिला काय उत्तर देणार?

"काका, अप्पांच्या छातीत..."

श्रीपतराव पाटावर बसून नैवेद्य दाखवत होते. तसेच उठले. किल्ली खुंटीवर होती. त्यांची बायको आतून म्हणाली, "अहो, पूजा..."

"पूजा काय पळून जायलीय?" ते खेकसले. "तात्या तिथं मरायलाय आन मी हितं गाडीला गंध लावून बघत बसू? देवाला एवढं बी कळत न्हाई व्हय?" आणि चाकाखालची लिंबं फचाफच चिरडत त्यांनी जीप बाहेर काढली. हार काचेवर येत होता, तो त्यांनी एका हातानं ओढून बाजूच्या सीटवर टाकला.

अप्पांना मागं आडवं घातलं. त्यांचं डोकं भागाबाईच्या मांडीवर. शिवकन्या त्यांच्या छातीशी गुडघ्यावर बसली. वाटेत अप्पा एकदाच बोलले. "पताका राहिल्या गं उजव्या अंगाच्या." "बांधते मी अप्पा, तुम्ही बोलू नका," ती म्हणाली. त्यांचे ओठ निळे पडत चालले होते, आणि प्रत्येक खड्ड्यासरशी तिला वाटे, आता श्वास थांबला. त्या तसल्या हालतीत ती एका हातानं तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. टूं टूं टूं.

मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर, पेट्रोल पंपाशेजारी, तिला ती दिसली. पांढरी गाडी. तिच्याच केंद्राची. लिंबाच्या सावलीला उभी, आरशाला हार, दारं उघडी, आणि आत स्ट्रेचरवर मस्त पाय पसरून चनमल्लप्पा ड्रायव्हर चिवडा खात बसलेला.

"काका, थांबवा! थांबवा!"

चनमल्लप्पा तिला बघून हसत खाली उतरला. "नमस्कार अक्का! इकडं कुठं? आज निवांत बगा. सकाळपासून एक कॉल न्हाई."

तिला त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटली, आणि त्याच क्षणी कळत होतं की त्याचा काडीचा दोष नाही. तो इथं होता. ऑक्सिजन इथं होता. चिंताकीपासून एवढ्याशा अंतरावर सगळं होतं, आणि मधे फक्त एक बंद केलेलं यंत्र होतं, कपाळाला कुंकू लावलेलं. "उचल," ती एवढंच म्हणाली. "माझे अप्पा हाईत." चनमल्लप्पाच्या हातातला चिवडा खाली सांडला. पुढं मात्र त्यानं गाडी अशी हाणली की बीदरचा किल्ला दिसेपर्यंत सायरन थांबला नाही.

अप्पा वाचले. अजून धोका आहे, पण गाडीत ऑक्सिजन लागला म्हणून हाती लागले, असं डॉक्टर म्हणाले. भागाबाई तिथंच फरशीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. शिवकन्याला रडू येईना. काचेतून अप्पांकडं बघताना तिच्या डोक्यात एकच घण पडत होता. माझ्या बापाला श्रीपतकाका होता. ज्यांच्या शेजारी श्रीपतकाका नाही ते आत्ता कुठं असतील? फोन अजून बंदच होते.

"आई, मी आले. फोन चालू करून येते," ती म्हणाली. भागाबाईनं मान हलवली. या घडीला लेक कुठं चालली असं तिनं विचारलं नाही, कारण ते टूं टूं तिनंही वाटेत तिच्यासोबत ऐकलं होतं.

केंद्रात उद्धवराव नुकतेच पोचले होते. नवा पांढरा सदरा, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा डबा. तिला बघून ते पुढं आले. "कसं हाय तात्यारावांचं? चनमल्लप्पानं सांगितलं आत्ता. बघ, शेवटी आपलीच गाडी कामाला आली का न्हाई?"

"किल्ली."

"हे बघ, तुझ्या घरचं होतं म्हणून तू तापलीस, मला समजतंय. पण..."

"किल्ली द्या सर, न्हाईतर मी दार फोडते."

त्यांनी दिली. आत उदबत्तीचा धूर कोंडून राहिला होता. कोपऱ्यात केळीचे खांब, मधे धाकला, गळ्यात हाराचं ओझं, हवा खेळायच्या जाळीवर हळदीकुंकवाचा लेप. आणि रोषणाईच्या दिव्यांच्या माळा! त्या खोचल्या होत्या थोरल्याच्याच यूपीएसमध्ये. भार सोसेना तसा यूपीएस बसला होता आणि त्याच्याबरोबर थोरला. म्हणजे धाकल्याला झोपवला तोही यांनी आणि थोरल्याला पाडला तोही यांनीच. वर ग्रुपवर देवीची कृपा!

"ह्या माळा कुणी लावल्या?"

"शोभेला..." उद्धवराव म्हणाले. "अगं मुद्दाम केलं का कुणी? श्रद्धेनं केलं."

"श्रद्धा?" ती गर्रकन वळली. "श्रद्धा आज मी बघितली सर. लिंबं चिरडत गाडी काढणाऱ्या माणसाची. तुम्ही देवाला काय दिलं? तुमची गाडी दिली? गोदाम बंद ठेवलं? तुम्हाला जे फुकटचं वाटलं ते दिलं! ज्याच्या जिवावर तीन तालुके झोपतात त्याला तुम्ही रिकामा म्हणलात!"

तिनं हार काढला. देवीवर तिचा राग नव्हता, म्हणून तो तिनं भिरकावला नाही, खुर्चीवर ठेवला. जाळीवरचं कुंकू ओढणीनं पुसलं, माळा उपटल्या आणि धाकल्याचं बटण दाबलं. पंखे घुरघुरले. दिवे लाल, पिवळे आणि मग एकेक करून हिरवे झाले. बाहेर मल्लेश्वरीच्या टेबलावरचा फोन वाजला. तो ती उचलते न उचलते तोच शेजारचा वाजला. मग त्याच्या पलीकडचा.

"घ्या," शिवकन्यानं उद्धवरावांचा दंड धरून त्यांना रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला. "शून्य म्हणत होतात ना? घ्या."

त्यांनी घेतला. तिनं स्पीकरचं बटण दाबलं.

"हॅलो, बोला," उद्धवराव म्हणाले.

"लागला का?" पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "लागला व्हय? मी नागूबाई बोलायलेय बाबा."

"हां, बोला आजी. गाडी कुठं पाठवू?"

"गाडी नको आता. मालक गेले माझे." तिचा आवाज रडून रडून कोरडा झाला होता. "सकाळी उलटी झाली आन छाती धरून पडले. पोरं शेताला गेलती. घरात मी एकलीच. तवाधरून लावायलेय. एक विचारायचं होतं बाबा."

"विचारा की आजी," उद्धवराव म्हणाले.

"मला ल्हिता वाचता येत न्हाई. नातीनं भिंतीवर नंबर काढून दिलाय, तसे आकडे बघून बघून दाबते मी. आता पोरं मलाच बोलायलेत. आई, तुला नंबर लावायला आला न्हाई, म्हणून अप्पा गेले म्हणतेत. आता लागला की हा! मग सकाळी कामून लागंना? मी चुकीचा लावत होते का, बाबा? एवढं सांग मला."

खोलीत मल्लेश्वरी दुसऱ्या फोनवर कुणाचं तरी गाव विचारत होती. उद्धवरावांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं. त्यांनी शिवकन्याकडं बघितलं, मग टेबलाकडं.

"आजी," ते म्हणाले, "तसं... कधी कधी गडबडीत होतंय माणसाकडनं. एखादा आकडा..."

शिवकन्यानं हेडफोन त्यांच्या डोक्यावरून हिसकला. असा की त्यांचा चष्मा टेबलावर पडला.

"आजी! न्हाई! तुमचा नंबर बरोबर होता! सकाळपासून तुम्ही जितक्यांदा लावला तितक्यांदा बरोबर लावला. फोन आम्ही बंद पाडला होता. आम्ही. तुमच्याकडनं काहीच चुकलं न्हाई."

पलीकडून बाई म्हणाली, "खरं म्हणायलीस का माय?"

"शिवकन्या, रेकॉर्डिंग व्हायलंय हे," उद्धवराव दबक्या आवाजात म्हणाले. "ट्रस्ट ऐकंल. केंद्र बंद पडंल. तुझी बी नोकरी जाईल."

"व्हायलाच पायजे रेकॉर्ड," ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली. "आजी, तुमची पोरं हाईत का तिथं? थोरल्या लेकाला फोन द्या."

फोन हातोहात गेल्याचा खरखराट झाला. एका पुरुषाचा रागीट आवाज आला, "कोण बोलायलंय?"

शिवकन्यानं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, काम सांगितलं. मग सकाळी कोणतं यंत्र कुणी बंद केलं, कशासाठी केलं आणि किल्ली कुणाच्या खिशात होती, ते सगळं उद्धवरावांचं पूर्ण नाव घेऊन सांगितलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आता आधी आईचे पाय धरा. मग इकडं या. मी इथंच हाय."